वैद्यांचा लोहचुंबक

गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवून वैद्य डोळे मिटायचे. इंजिन बंद असलं तरी. मग मान हलवून निदान सांगायचे, "ही पुराच्या पाण्यात उभी होती," किंवा "हिचा मालक म्हातारा होता, हळू चालवायचा." खरं तर ते द्वारका चौकाजवळचे गॅरेजवाले मिस्त्री, मूळचे सिन्नरचे. 'वैद्य' हे नाव तुमच्या आजोबांनी दिलं आणि ते पुढे गॅरेजच्या पाटीवरही आलं. मुलांनो, सुट्टीत आलात की ज्या पांढऱ्या गाडीत बसून तुम्ही हॉर्न वाजवायचात, ती याच वैद्यांनी आजोबांना लिलावात निवडून दिली होती.

जुन्या गाड्यांच्या लिलावात आदल्या दिवशी गाड्या बघायला ठेवतात. तिथे वैद्यांचा एक नियम होता. जी गाडी आवडेल तिला मोठ्यांदा नावं ठेवायची, म्हणजे बोली चढत नाही. "हिला भंगारवाला पण हात लावणार नाय!" असं ते चारचौघांत ओरडायचे आणि मग आजोबांच्या कानाशी पुटपुटायचे, "साहेब, सोडू नका." मी म्हणायची, "वैद्य, हे खोटं बोलणं झालं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "वहिनी, खोटं बाजारासाठी. आपल्या माणसाला खरं, ते कानात."

त्यांच्या खिशात जुन्या स्पीकरमधला एक गोल लोहचुंबक असे. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला. दारावर, मडगार्डवर ते तो टेकवायचे. खाली पत्रा असला की टक्कन बसे. गंजलेली जागा पुट्टीने भरून वर रंग मारलेला असला की गळून पडे. "माणूस फसवंल, हा फसवत नाय." आजोबा गेल्यावर त्यांनी मला तसाच दुसरा आणून दिला. "आता साहेब नाहीत. तुम्ही सोता बघायला शिका." मी तो पर्समध्ये किल्ल्यांच्या कप्प्यात ठेवला. वैद्य मात्र दर रविवारी येऊन पांढरी गाडी सुरू करून देत राहिले. माझ्या कमी साखरेच्या चहाला 'दवाखान्याचा चहा' म्हणत आणि दोन कप पीत.

गेल्या हिवाळ्यात लिलावाच्या यादीत एक फिकट हिरवी मॉरिस होती. नंबर वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. माझ्या बाबांची गाडी! बदली झाली तेव्हा त्यांनी विकलेली. तिच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला मी शाळेत असताना कर्कटकाने माझ्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर कोरलं होतं, आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. वैद्यांना घेऊन बघायला गेले. दार उघडलं, तर अक्षर जागेवर.

"मला हीच हवी," मी म्हटलं.

वैद्यांनी नेहमीसारखी तिला मोठ्यांदा नावं ठेवली. मी गालातल्या गालात हसत कानातल्या खऱ्याची वाट पाहत उभी. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, पण डोळे मिटले नाहीत. लोहचुंबक दारावर टेकवला, तो गळून पडला. मडगार्डवर टेकवला, तिथूनही गळाला. त्या दिवशी मलमलीऐवजी जाड पिवळं फडकं होतं, चार घड्यांचं. माझ्या बाबांच्या गाडीचा रंग जपताहेत, असं मला वाटलं. मग ते कानाशी आले. "वहिनी, सोडा. सगळी पुट्टी हाय. दोन पावसाळे काढणार नाय."

माझा लोहचुंबक पर्समध्येच होता. वैद्य शेजारी असताना तो बाहेर काढणं म्हणजे त्यांचा अपमान, म्हणून मी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी लिलावात मी बोलीसाठी उचलायची नंबराची पाटी मांडीवर उपडी ठेवून बसले. एक वार, दोन वार, तीन वार! मॉरिस एका हॉटेलवाल्या शेठकडे गेली. वैद्यांनी मला प्यायला पाणी आणून दिलं.

दोन महिन्यांनी देवळाली कॅम्पला गेले होते. शेठच्या नव्या हॉटेलच्या दारात मॉरिस उभी होती आणि वैद्य तिची काच पुसत होते. मी पर्स उघडली, लोहचुंबक काढला, दारावर टेकवला. टक्. मडगार्डवर. टक्. काढताना जोर लावावा लागला.

"शेठनी मला त्यांच्या गाड्यांवर ठेवलंय, वहिनी," वैद्य हातातल्या त्याच पिवळ्या फडक्याकडे बघत म्हणाले.

"लिलावाच्या आधीच ठरलं होतं?"

"हो. तुम्ही बोली चढवली असती."

"मला सांगायचं तरी होतं."

"ऐकलं असतं का तुम्ही? अन् खरं सांगू? पोरं, नातवंडं सगळी तुमची लांब. तुमच्या मागं ही भंगारात गेली असती. इथं लोक फोटो काढतात तिच्यासंगं."

हे वाक्य मला अजून टोचतं, कारण ते बहुधा खरं आहे. दवाखान्याचा चहा पिताना त्यांनी ते तोंडावर सांगितलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित पाटी मांडीवरच ठेवली असती. पण त्यांनी कानात खोटं सांगितलं. मी केव्हा आपल्या माणसांतून उठून बाजारात जाऊन बसले, ते मला कळलंच नाही.

वैद्य आता येत नाहीत, मी बोलावतही नाही. रविवारी मीच पांढरी गाडी सुरू करते आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे दहा मिनिटं चालू ठेवते. बंद केल्यावर बॉनेटवर तळहात ठेवते. निदान काही होत नाही, फक्त ऊब लागते.

तर आता तुम्हाला विचारते. ही गाडी तुमच्यापैकी कोणाला हवी आहे का? नको असेल तर नको म्हणा. आजीला वाईट वाटेल म्हणून फडक्याच्या घड्या घालू नका.