बोळातला सॉकेट

धाकटी बहीण धुळ्यात, देवपूरला. स्वतःचा बंगला, छतावर सोलर, पोर्चमध्ये इलेक्ट्रिक कार. फोन केला की एकदा तरी म्हणायचीच, "अक्का, आम्हाला गाडी फुकटच पडते गं." मला ते 'गं' फार झोंबायचं.

मी जळगावात, तिसऱ्या मजल्यावर. माझी इलेक्ट्रिक स्कूटर तिच्या कारच्या कितीतरी आधीची. पण माहेरी कौतुक कारचं. आमच्या इमारतीत चार्जिंग हा भांडणाचाच विषय. मीटरपासून पार्किंगच्या टोकापर्यंत स्वतःची केबल ओढायची तर पाइप, एमसीबी, वायरमनची मजुरी. वर घरचे युनिट वाढून पुढचा स्लॅब लागणार, म्हणजे पंख्याचा वारासुद्धा महाग. गाडीसाठी वेगळं मीटर घ्यावं, तर दर बरा पण स्थिर आकार दरमहा भरा. स्कूटर पिऊन पिऊन पिणार किती? वाटीभर दुधासाठी दारात म्हैस बांधायची. सोसायटीच्या प्लगवर कारवाल्यांनी आणि मी सारखेच पैसे द्यायचे, असं कारवाल्यांनीच ठरवलेलं. रस्त्यावरचं चार्जिंग स्टेशन तर सगळ्यात महाग.

तेव्हा मी हिशेब बहिणीचा मांडला. पॅनेल, इन्व्हर्टर, पॅनेल धुणारा माणूस, सगळं वर्षांवर वाटून पाहिलं. म्हटलं, हिचं 'फुकट' एकदा उघडं पाडू. दोनदा मांडला, दोन्ही वेळा तीच स्वस्त निघाली. त्या दिवशी मी तिचा फोन उचलला नाही.

मला स्वस्त पडायचं ते एकच ठिकाण, आबांचं घर. आबा म्हणजे आमचे वडील. स्कूटरच्या टप्प्यातल्या गावात राहतात. रविवारी गेले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढायची, आणि बॅटरी भरेपर्यंत मिक्सर बंद. आई कुरकुरायची. आबा नुसते बघत बसायचे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आईने फोनवर सांगितलं, "आबांनी नवा सॉकेट बसवून घेतला. जाड प्लगचा, बाहेर, वर झाकणसुद्धा." मी समजायचं ते समजले. इतकी वर्षं माझी वायर खिडकीतून लोंबली, तेव्हा कुणाला वायरमन आठवला नाही. कार येणार म्हटल्यावर आठवला! आखाजीला निघताना मी मुद्दाम त्या महागड्या स्टेशनवर बॅटरी गच्च भरून घेतली. आबांची वीजच नको मला.

बहीण पोचली ती बॅटरी तळाला नेऊन. सोलरवाली, तरी माहेरी भरून न्यायची हौस! जावईबापू प्लग हातात घेऊन सॉकेट शोधत घराला फेरी मारून आले. सॉकेट होता घराच्या बाजूच्या बोळात, जिथून म्हैससुद्धा अंग चोरून जाते. त्यांची केबलही तिथवर पुरेना.

बहीण हसायला लागली. "आबा, बठ्ठं चुकनं! आठे गाडी कशी घुसी?"

"नही चुकनं," आबा ओट्यावरूनच म्हणाले. "तुना घर सोलर शे. हाई अक्कानी गाडीसाठे शे. सावलीमा उभी ऱ्हाई."

बहिणीचं हसू गेलं. खालचा ओठ किंचित पुढे आला, नजर आबांवरून माझ्यावर आली. ते तोंड मी ओळखलं. तिचा फोन ठेवल्यावर आरशात रोज दिसायचं, ते माझंच होतं. वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र पुरणपोळीवर तुपाची धार पडावी तसं झालं.

शेवटी कारची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आली. आमरस करायचा होता, तरी मिक्सर बंद ठेवावा लागला. आईची कुरकुर या वेळी बहिणीच्या वाट्याला.

मी स्कूटर बोळात नेली, आबांनी बसवलेलं झाकण वर केलं आणि सगळ्यांसमोर प्लग लावला. बॅटरी गच्च भरलेली होती. तरी संध्याकाळपर्यंत मी तो काढला नाही.