सोयऱ्याची लाल गाडी

आमच्या वकीलसाहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पन्नाशी उलटल्यावर स्पोर्ट्स कार घ्यायची होती. या वयात लोकांना गुडघेदुखी होते, यांना हे झालं. जमिनीला टेकलेली, दोन दारांची, दोनच सीटची गाडी. मी विचारलं, अमरावतीतल्या गतिरोधकांचं काय करणार, तर म्हणाले, "तिरपी घेतो." त्याचाही व्हिडिओ पाहून ठेवला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेला अक्कलही नसते, हे मी तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं.

नवी घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. मग रोज जेवणानंतर मोबाईलवर जुन्या गाड्या पाहणं सुरू झालं आणि एक दिवस अकोल्याची जाहिरात सापडली. लाल रंग, फार न चाललेली, मध्ये दलाल नाही, मालक स्वतः विकणार. फोनवर बोलणं झालं आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं रेल्वेनं अकोल्याला निघालो. पसंत पडली तर येताना तिच्यातूनच यायचं, असा बेत होता. मी सोबत गेले ती काही गाडीच्या प्रेमापोटी नाही. हा माणूस कोर्टात साक्षीदाराला घाम फोडतो, पण कोणी गोड बोललं की तिथल्या तिथं विरघळतो.

एक शहाणपण मात्र त्यांनी केलं होतं. अकोल्यातल्या ओळखीच्या एका मेकॅनिकला तिथं बोलावून ठेवलं होतं. तो गाडी वर उचलून खालून पाहील, आतून उघडून पाहील, मगच पुढचं बोलायचं.

मालक आमच्याच वयाचे, पांढरा शर्ट, बोलायला मोकळे. अंगणातल्या शेडमध्ये गाडी उभी होती. त्यांनी वरचं कापड ओढलं आणि खोटं कशाला बोलू, गाडी देखणी होती. साहेबांनी तिच्यावरून हात फिरवला. आमच्या पोरीला पहिल्यांदा हातात घेताना ते असेच घाबरले होते.

मग चहा आला आणि चहासोबत वऱ्हाडात जो प्रश्न येतोच, तोही आला. "तुमी मूळच्या कोठच्या?" मालकांनी मला विचारलं. मी अकोटकडच्या माझ्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. ते कप ठेवून उभेच राहिले. त्यांची आई त्याच गावची निघाली.

"तं मंग तुमी माह्या बहीणच झाल्या! मामाच्या गावची लेक!" ते आत तोंड करून ओरडले, "आयकलं का वं? गिऱ्हाईक नाई, आपली बाई आली हाय घरी. ओटीची तयारी कर."

तिथून सगळं फिरलं. साहेब फोन घेऊन व्हरांड्यात गेले. त्यांचा आवाज मला ऐकू आला, "राहू दे बापा, येऊ नको आता. घरचेच लोक निघाले."

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. "मेकॅनिकले नाई काहून म्हटलं?"

"तुह्याच माहेरचे लोक हायेत. त्यायच्या अंगणात त्यायचीच गाडी उचलून पाहू का? काय म्हणतील?"

"नातं गावाशी हाय, गाडीशी नाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच माझ्या माहेराची अब्रू काढत होते. आमच्याकडची रीतच आहे ती. पोरगी द्यायची तरी चौकशी आधी बाहेरून करतात, एकदा घरात बसून चहा घेतला की मग विचारायचं नसतं. सोयऱ्याला तपासणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. मला राग आला होता, पण अजून बोलणार तोवर मालक चावी वाजवत आले. "चला साहेब, एक चक्कर मारू. मूर्तिजापूर रोडले लागलो की पाहा इचा जीव." सीट दोनच, त्यामुळे मी राहिले. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळणापलीकडे नुसता आवाज ऐकू येत राहिला.

मालकांची बायको मला आतल्या खोलीत घेऊन गेली. बारीक अंगाची, गोरी बाई. आल्यापासून ती एक शब्दही बोलली नव्हती. तिनं पाट मांडला, मला कुंकू लावलं, पदरात खण-नारळ घातला. तांदूळ घालताना निम्मे खालीच सांडले. मला वाटलं, बाईला बरं नसेल. ओटी भरून झाली तरी तिनं माझा पदर सोडला नाही.

"बाई, तुमी त्या गाडीत बसू नोका," ती म्हणाली. "साहेबायलेही बसू देऊ नोका. रेल्वेनं परत जा."

"काहून, वहिनी? काय झालं?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग एका दमात सांगून टाकलं. ही गाडी त्यांच्या मुलाची. नागपूरहून येताना ती उभ्या ट्रकवर आदळली होती. मुलगा वाचला. बाजूच्या सीटवर सून होती. सून आता तिच्या माहेरी आहे, अंथरुणावर, अजून उठून बसत नाही. गाडीचा पुढचा भाग कापून दुसरा जोडला होता. "अन् ते आतले फुगे असतात ना बाई, ते तवाच फुटले. नवे टाकलेच नाईत. नुसती झाकणं चिकटवली वरून. मी कानानं आयकलं, ते फोनवर सांगून राहिले होते."

 साहेब त्याच गाडीत होते. आणि मी त्यांना ओळखते. मोकळा रस्ता दिसला की त्यांनी ती जोरात पळवली असणारच.

"मले आधी का सांगितलं नाही तुमी?" मी जवळजवळ ओरडलेच. मी शाळेत शिकवते, पण घाईत माझी वर्गातली भाषा आणि माहेरची भाषा एकत्र झाली होती.

ती रडायला लागली. "आधी तुमी गिऱ्हाईक होत्या. घरधन्याच्या इरोधात कशी बोलू? आता ओटी भरली. नणंदेची ओटी भरायची अन् तिले त्याच सीटवर बसवून धाडायची का मी?"

मी फोन लावला. रिंग बाहेरच्या खोलीत वाजली. चहाच्या ट्रेशेजारी त्यांचा फोन पडला होता. मालकांना फोन लावून काय सांगणार होते मी? तुमच्या बायकोनं सांगितलं म्हणून? तिनं माझे दोन्ही हात धरले. "माह्यं नाव नोका घेऊ, बाई. त्यायले समजलं तं..."  नाव घेणार नाही, असा शब्द मी तिला दिला.

मग आम्ही दोघी व्हरांड्यात बसून राहिलो. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, टेम्पो गेले, एक रुग्णवाहिका वाजत गेली तेव्हा मी उठून फाटकापर्यंत धावले. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. आणि भीतीच्या बरोबरीनं राग. या माणसाच्या मानापानाचा राग, त्या पांढऱ्या शर्टाचा राग, मामाच्या गावाचाही राग. साहेब परत आले की आधी एक थोबाडीत द्यावी, असंसुद्धा मनात आलं. शेवटी तो आवाज वळणावर आला आणि लाल गाडी फाटकात शिरली.

साहेब उतरले ते हसतच. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांचा चेहरा इतका खुललेला नाही. "काय गाडी हाय! पाण्यासारखी चालते." मालक म्हणाले, "मंग घ्या चावी. गोड झालं."

आता मला कारण हवं होतं, आणि ते माझं स्वतःचं हवं होतं. मी बाजूचं दार उघडून त्या सीटवर बसले. घरी मी माझी छोटी गाडी रोज शाळेत नेते. चावी फिरवली की समोर एअरबॅगचा लाल दिवा लागतो आणि जरा वेळानं विझतो. मी मालकांना चावी फिरवायला सांगितली. बाकीचे सगळे दिवे लागले, तो लागलाच नाही.

"हा काहून लागत नाई?"

"वायर सुटली असंन, बाई," मालक म्हणाले.

मी सीटबेल्ट ओढला. तो अर्ध्यात अडकला, पुढेही येईना, मागेही जाईना. "फारसं कोणी बसलंच नाई त्या बाजूनं, म्हणून घट्ट हाय," ते म्हणाले. हे त्यांनी किती सहज म्हटलं! त्यांची सून त्याच सीटवर बसलेली होती.

"मेकॅनिक येऊ द्या," मी म्हटलं. "तो झाकण उघडून आत पाहीन. तोवर काईच नाई."

"तुले काय समजते त्यातलं?" साहेब दबक्या आवाजात चिडले.

मालकांचा चेहरा बदलला. "बाई, आत्ताच तुमची ओटी भरली या घरात. अन् तुमी संशय घेऊन राहिल्या?" बोलता बोलता त्यांची नजर दाराकडे गेली. दारात त्यांची बायको उभी होती, डोळे रडून लाल झालेले. ते तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांचा हिशेब जुळायला लागला आहे, हे मला स्पष्ट दिसलं.

मग मी जे केलं ते माझ्या शाळेतल्या पोरींनी पाहिलं असतं तर पुन्हा मला कोणी भ्यालं नसतं. मी गाडीतून उतरले आणि भर अंगणात तमाशा केला. मला लाल रंग आवडत नाही. म्हाताऱ्याला या वयात हे चाळे शोभत नाहीत. लोक तोंडात शेण घालतील. पोरीचं लग्न व्हायचं आहे आणि बापाला शर्यती लावायच्या आहेत. तोंडाला येईल ते बोलत सुटले. मालक माझ्याकडे वळले, दाराकडे पाहायचं विसरले, तेवढंच मला हवं होतं. शेजारची माणसं कुंपणाशी गोळा झाली. साहेबांनी मान खाली घातली, मालकांना हात जोडले आणि आम्ही पायी फाटकाबाहेर पडलो.

रेल्वेत ते माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहत बसले. मूर्तिजापूर गेल्यावर मी त्यांना हळूच सगळं सांगितलं. ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "शंभराच्या वर नेली होती मी." त्यांनी माझा हात धरला तो बडनेरा येईपर्यंत सोडला नाही. मी रडले. आम्ही वाचलो होतो, यापलीकडे मला त्या दिवशी काही सुचत नव्हतं.

पण वकील तो वकील. घरी आल्यावर नोटीस, तक्रार, सगळं काढून बसले. मी त्यांना त्या बाईला दिलेला शब्द सांगितला. तक्रार केली की पहिला प्रश्न येणार, तुम्हाला कसं कळलं. आम्ही गप्प बसलो. जाहिरात काही दिवस दिसत राहिली आणि मग एका सकाळी नाहीशी झाली. "गेली," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर काही महिन्यांनी, शाळा सुटल्यावर घरी येत होते. पंचवटी चौकात सिग्नलला थांबले आणि बाजूला तीच गाडी येऊन उभी राहिली. नंबरही तोच. चालवणारा तरुण पोरगा, बाजूला नवी नवरी, हातभर हिरवा चुडा. मी गाडी तशीच सोडून उतरले आणि तिच्या बाजूची काच वाजवली.

"ही गाडी आदळलेली आहे. आत एअरबॅग नाहीत. आधी उघडून पाहा," मी सांगितलं.

पोरगा हसला. "काकू, माह्या आतेभावाच्या सासऱ्याकडची हाय. दुसऱ्या कोणाची नाई." सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले आणि तो निघून गेला. मी गाडी चौकापलीकडे बाजूला घेतली.  पाहते तर लाल गाडीही पुढं थांबलेली. नवरी उतरून एकटीच माझ्याकडे चालत आली.

"काकू, तुमाले कसं माहीत?"

मी दिव्याचं सांगितलं. तिनं मान हलवली, "ते आमी इचारलं होतं. वायर सुटली म्हणे." पट्ट्याचं सांगितलं. त्याचंही उत्तर तिला मिळालेलं होतं. तिचा नवरा मागून हाका मारत येत होता. फार तर वीस-बावीस वर्षांची पोरगी, माझ्या तोंडाकडे पाहत उभी होती.

"खरं सांगा काकू. कोणं सांगतलं तुमाले?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "गाडीवाल्याच्या बायकोनं. तिची सून याच सीटवर होती."

पोरीनं वळून लाल गाडीकडे पाहिलं. नवरा जवळ येऊन काय काय बोलत होता, ते तिनं ऐकलंच नाही. तिनं रिक्षाला हात केला आणि एकटीच बसून निघून गेली. तो रस्त्यातच उभा राहून कोणाला तरी फोन लावायला लागला.

सोयऱ्यांतली गोष्ट अकोल्याला पोचायला संध्याकाळ लागली नसेल. त्या घरात त्या दिवशी काय झालं, मला माहीत नाही. फोन नंबर माझ्याकडे आहे. पण तो त्या मालकांचा आहे, आणि ते फोन उचलतील तेव्हा वहिनीला बोलवा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू, हे मला अजून सुचलेलं नाही.