रोमानियातल्या गावाची चूल

फ्रेमच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाइकं ते कागदात गुंडाळून स्वतःच आणून देतात. ओमानमधल्या सीबच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, आमच्या दुकानात काउंटरवर मी, आणि मागे कटिंगला गुहागरचा सदादादा. हात सोन्याचा, पण ऐकेल तर शपथ.

वसईचे फेलिक्स अंकल फॅमिली फोटो घेऊन आले. “मेहुण्याला कापा. तोंड बघायचं नाही मला त्याचं.” कापला. महिन्याभरात अंकल परत हजर. “तो तुकडा आहे का हो? त्याने माझ्या पोराला सोहारला नोकरीत चिकटवलं.” सदादादाने ड्रॉवरमधून मेहुणा काढून दिला. मी बघतच राहिलो.

अल हैलच्या एका बाईंनी मुलाचं डिग्री सर्टिफिकेट दिलं. फ्रेममध्ये बसेना, म्हणून सदादादाने खालून दोन बोटं कापलं. कुलगुरूंची सहीच गेली! बाई मटकन खाली बसल्या. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, थंडपणे म्हणाला, “अजून एक तक्रार आली, की सदा खलास. सरळ गावी.” सदादादाची मुलगी बारावीला.

पुढच्याच आठवड्यात एलेना नावाची रोमानियन नर्स चित्र घेऊन आली. तिच्या वडिलांनी काढलेलं त्यांचं गाव. टेकडी, गवताच्या गंजी, लाकडी घरं, माणूस एकही नाही. “बाबा आता नाहीत. जपून करा,” म्हणाली.

न्यायला आली तेव्हा मी कागद सोडला आणि बघतो तर काय! एका घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. आधी नव्हता.

“सदादादा, काय केलंस हे?”

“अरे, अख्ख्या गावात कुणाची चूल पेटलेली नाय. मयत झाल्यासारखं वाटत होतं. असं भिंतीवर लावू नये माणसानं.” गावी असताना तो दुकानांचे बोर्ड रंगवायचा, ब्रश अजून जवळ आहे.

तो काय म्हणाला, असं एलेनाने विचारलं. थाप सुचेना. मी इंग्रजीत शब्दाला शब्द सांगून टाकलं. आतून अर्बाब उठून आला.

एलेना चित्राजवळ वाकली. तिने त्या धुराड्याकडे बोट दाखवलं. “हे आमचंच घर. आई गेली त्या दिवशी बाबांनी हे चित्र काढलं होतं.”

मी सदादादाला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.

“मग चुकलंच की माझं. मयताच्या घरात चूल कशी पेटेल? धूर शेजारच्या घरातून पाहिजे. जेवण तिथूनच येणार ना.”

आणि त्याने ब्रश उचलला. अर्बाबने तोंड उघडलं, तोवर मी हेही इंग्रजीत सांगून मोकळा झालो होतो.

एलेनाने पर्स खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि बसली.

“करू दे त्याला.”