शेवंताबाईंचं ईस्टर

दुपारी तीनचा सुमार असेल. मी गच्चीवर सांडगे उलटवत होते आणि खाली फोन वाजत होता. नांदुऱ्याहून शेवंताबाईंचा मुलगा मिलिंद बोलत होता. "बाई, माय गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, कधी? म्हणाला, "सकाळीच. चहा पेली, अन् बसल्या जागी..." या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. नव्वदीला टेकलेली बाई, आजारी न पडता गेली, भाग्याचं मरण, असं सगळे म्हणाले. ते खरंही आहे. पण मला त्या फोननंतर कितीतरी वेळ जे आठवत राहिलं ते तिचं म्हातारपण नव्हतंच. ती होती साठ वर्षांपूर्वीची, पंचवीस-तीसची, पदराचं टोक दातात धरून उभी असलेली शेवंता... आणि तिच्या हातातली ताटली.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी एका धरणाचं काम चाललं होतं आणि तिथून जवळच्या शाळेत मी नव्यानं लागले होते. नोकरी कच्ची होती. घरी वडील अंथरुणावर, त्यामुळे ती टिकणं फार गरजेचं होतं. धरणावर यंत्रं बसवायला एक फ्रेंच इंजिनियर आला होता, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको. क्लेअर तिचं नाव, आम्ही सगळे मॅडमच म्हणायचो. दोघं विश्रामगृहात राहत. मॅडमला मोडकंतोडकं इंग्रजी येई, आणि आसपास इंग्रजी समजणारी बाई मी एकटीच. सकाळची शाळा सुटली की ओव्हरसिअर मला बोलावून घेत. दुभाष्याचं काम, दुसरं काय.

त्या वसंतात मॅडमनं ठरवलं की ईस्टरचं जेवण करायचं, तिच्या गावाकडे करतात तसं. धरणाचे मोठे साहेब यायचे होते, आणि गावचे दादासाहेब. दादासाहेब म्हणजे त्या भागातले वजनदार गृहस्थ. धरणाला जमीन मिळवून देण्यात त्यांचा हात होता, आणि माझ्या शाळेच्या समितीवर त्यांचाच शब्द चाले. सगळं ठरलं, आणि विश्रामगृहाचा खानसामा मुलीच्या लग्नाला म्हणून जो गेला तो परतलाच नाही. मॅडम म्हणाली, चौकीदाराची बायको करेल. तिनं एकदा चौकीदार किसनच्या खोपटात बसून शेवंताच्या हातचं मटण-भाकर खाल्लं होतं, आणि तेव्हापासून ती तिचं नाव घेत होती. ओव्हरसिअरच्या कपाळाला घाम फुटलेला मी पाहिला. किसनचं घर बौद्धांचं. दीक्षा घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी काहीच बदललेलं नव्हतं. शेवटी दुसरा माणूस मिळेना तेव्हा ओव्हरसिअर मला आणि किसनला बाजूला घेऊन म्हणाले, "बाहेर सांगायचं, नांदुऱ्याहून आचारी आणलाय. ती मागच्या खोलीत राहील. पडद्याच्या बाहेर यायचं नाही. तिघांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आहे हा." तिघं म्हणजे ते, किसन आणि मी. शेवंताला कोणी विचारलं नाही.

मग दहा-बारा दुपारी आम्ही तिघी विश्रामगृहाच्या मागच्या ओसरीवर बसत होतो. मॅडम सांगायची, मी वहीत मराठीत लिहायची आणि वाचून दाखवायची. शेवंताला वाचता येत नव्हतं. ती डोळे मिटून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी शब्द न् शब्द म्हणून दाखवायची. मॅडमच्या गावी या सणाला कोकराचं मटण आणि त्यात वसंतातल्या कोवळ्या भाज्या घालून मंद आचेवर शिजवतात. कोकरू कुठलं, बोकडच. कोवळा वाटाणा आमच्याकडे तोवर संपलेला. नवे कांदे होते, नांदुऱ्याच्या बाजारात गाजरं-बटाटे मिळाले असते, पाव भुसावळहून गाडीनं मागवायचा होता. खरी अडचण झाली ती द्राक्षाच्या दारूची. ती घातल्याशिवाय रस्सा होत नाही, असं मॅडम म्हणाली. दारूबंदीचे दिवस. ओव्हरसिअरनं हे ऐकलं तेव्हा ते आधी दरवाजाकडे गेले आणि बाहेर कोणी नाही ना ते बघून आले. मग शेवंता हळूच म्हणाली, "मास्तरीणबाई, मोहाची फुलं भिजू घालू का? दारू नाई, नुसतं पाणी. गोड लागते. अन् आंबट पायजे तं कैरी हाय." दुसऱ्या दिवशी तिनं थोडं करून आणलं. मॅडमनं वास घेतला, चमचाभर चाखलं, डोळे मिटले आणि तिचा हात धरून ठेवला. शेवंतानं तो हात लगेच सोडवून घेतला, आणि तीही दरवाजाकडे बघून आली.

शेवटी गोडाचा पदार्थ होता. अंडी-दुधाचा, खाली जाळलेल्या साखरेचा पाक. "हा तं अंड्याचा खरवस झाला," शेवंता म्हणाली. पण जमेना. एकदा अंडी फुटून भुर्जी झाली, एकदा साखर इतकी जळाली की पातेलं घासता घासेना. भांड्याला हात लावायच्या आधी ती दर वेळी पदराला हात पुसायची. मी म्हटलं, अहो, एवढं काय घाबरायचं, स्वयंपाकच आहे. तेव्हा तिनं मला ते सांगितलं. तिचं माहेर साखरखेर्ड्याकडचं. ती सात-आठ वर्षांची असताना एका मोठ्या लग्नात तिचा बाप लाकडं फोडायला होता. चुलाणात लाकूड सारताना त्याचा हात वरणाच्या हंड्याला लागला. "हंडा तसाच उकिरड्यावर ओतला. अन् माह्या बापाले बैलगाडीच्या चाकाले बांधलं. उन्हात. मी तिथंच होती, बाई. लोक जेवून राह्यले होते अन् मी माह्या बापाकडं पाहून राह्यली होती." मग ती पातेलं घासायला लागली. "तवापासून पंगतीचं भांडं पाह्यलं का मले कापरं भरते. आन् तुमी मले म्हणता, स्वयंपाकच हाय."

त्या दिवसापासून मलाही नीट झोप लागेना. शाळेत फळ्यावर लिहिताना वाटे, मागे कोणी उभं आहे. गावातला एखादा माणूस सहज म्हणे, "काय बाई, बंगल्यावर मेजवानी हाय म्हणते," आणि मी पाय उचलून चालू लागे. एकदा किसननं शेवंताला माझ्यादेखत म्हटलं, "तू बिमार पडली म्हणून सांगतो मी." ती म्हणाली, "मंग ते म्हणतीन, काऊन बिमार पडली? रांधलं तं मरण, नाई रांधलं तं मरण." आणि शांतपणे अंडी फोडत राहिली. त्या दिवशी तिचा खरवस पहिल्यांदा जमला.

रविवार उजाडला. ऊन असं की दहालाच वारा गरम. मटण नासेल या भीतीनं शेवंतानं ते विहिरीच्या काठावर ओल्या फडक्यात बांधून ठेवलं होतं आणि दर थोड्या वेळानं जाऊन वास घेऊन यायची. बाराला जीप आली. मोठे साहेब, दादासाहेब, ओव्हरसिअर, फ्रेंच नवराबायको, आणि टोकाला मी, बोलणं सांगायला. वाढायचं काम मॅडमनं स्वतःकडे घेतलं होतं, तिच्याकडे तशीच रीत आहे म्हणून. मागच्या खोलीला गोणपाटाचा पडदा होता आणि माझी खुर्ची त्या पडद्यापासून चार हातांवर. आतल्या भांड्याचा आवाज झाला की माझं वाक्य मधेच तुटायचं. मॅडम सांगत होती की तिच्या गावी सणाआधी तीन दिवस देवळातल्या घंटा मुक्या असतात आणि रविवारी एकदम वाजतात. मी ते मराठीत सांगत होते, पण कान आत होते.

जेवण उत्तम झालं होतं. दादासाहेबांनी रस्सा दोनदा घेतला, पाव बुडवून खाल्ला. मग रुमालानं तोंड टिपत मला म्हणाले, "बाई, आचारी कुठला?"

"नांदुऱ्याचा," मी म्हटलं.

"नांदुऱ्याचा कोण? तिथले सगळे मला माहीत आहेत."

मी ओव्हरसिअरकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते. मला वडील दिसले, शाळेचं हजेरीपुस्तक दिसलं... आणि मी म्हटलं, "आपल्यातलेच आहेत, दादासाहेब."

आतला आवाज बंद झाला. मॅडमला काहीच कळलं नव्हतं. ती तेवढ्यात इंग्रजीत म्हणाली, स्वयंपाक करणारीला बोलवा ना, तिचे आभार मानू. मी ते मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. पडदा बाजूला झाला आणि शेवंता बाहेर आली. पदराचं टोक दातात, दोन्ही हातांत खरवसाची ताटली. ती इतकी कापत होती की ताटलीतला तो पिवळा गोळा हलत होता, पाक काठाशी येत होता. तिनं ताटली टेबलावर ठेवली, पदर सोडला आणि म्हणाली, "मी रांधलं. किसन चौकीदाराची बायको. शेवंता. आमी बुद्धाचे हाओत."

मॅडम उठली आणि तिनं शेवंताला मिठी मारून तिचे दोन्ही गाल चुंबले. त्या खोलीत आनंदात असलेली ती एकटीच होती. दादासाहेब खुर्ची सरकवून उठले. बाहेर नळावर जाऊन चूळ भरली. एक, मग दुसरी, मग तिसरी. आम्ही सगळे तो आवाज ऐकत बसलो. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मोठ्या साहेबांचा चमचा हातातच होता. त्यांनी थोडा वेळ त्या ताटलीकडे पाहिलं, मग ती ओढून घेतली, खरवस वाढून घेतला आणि शेवटपर्यंत खाल्ला. त्यांनी तो का खाल्ला ते मला आजही ठाऊक नाही. परक्या माणसांसमोर लाज वाटून, की आणखी कशानं...

दुसऱ्या दिवशी किसनला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नको. पुढचे तीन दिवस ते कुटुंब खोपटाचं दार लावून आत होतं. काहीही होऊ शकलं असतं. रस्त्यावर दोन माणसं बोलताना दिसली तरी वाटे, आता हे तिकडेच निघाले. मी एकदाही गेले नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते नांदुऱ्याच्या बसमध्ये चढताना शाळेच्या खिडकीतून दिसले. डोक्यावर ट्रंक, कडेवर लहानगा मिलिंद. शेवंतानं वळून शाळेकडे पाहिलं असं मला वाटलं, आणि मी खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. माझी नोकरी राहिली. पुढे पक्की झाली. त्याच नोकरीची पेन्शन मी आजही खाते.

सहा-सात वर्षांनी गाडीची वाट पाहत नांदुऱ्याला थांबले होते, भूक लागली म्हणून स्टेशनसमोरच्या एका खानावळीत शिरले, तर समोर शेवंताबाई. किसन कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमालीला लागला होता, आणि तिनं आधी हमालांचे डबे करता करता ही खानावळ उभी केली होती. मी उलट्या पावली निघणार होते. तिनंच हाक मारली, "मास्तरीणबाई, बसा ना." ताट वाढलं. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. शेवटी मी म्हटलं, शेवंताबाई, मी त्या दिवशी... ती म्हणाली, "तुमी भेल्या होत्या. मीबी भेलीच होती."

"मग तुम्ही बाहेर का आलात?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, आधी कड सोडवली, मग बोलली. "तुमी म्हणलं ना, आपल्यातलेच हायेत. मले वाटलं, आता हे जेवण चोरीचं झालं. बाहेर भेव होतंच, बाई. पण तिथं पडद्यामांगं मले जास्त भेव वाटून राह्यलं होतं. वाटलं, आता इथून मले कोणी काढणारच नाई."

पुढे पन्नासहून अधिक वर्षं आम्ही एकमेकींकडे येत-जात राहिलो. ती शेवटपर्यंत घाबरटच होती, हे सांगितलं तर कोणाला पटणार नाही. पोलीस दिसला की तिचा आवाज बारीक व्हायचा, सरकारी कागद आला की पाणी मागायची. मिलिंद पहिल्यांदा मुंबईला निघाला तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. ज्यांना भीती वाटत नाही अशा माणसांबद्दल मी पुष्कळ ऐकलंय. माझी ओळख झाली ती हिच्याशी.

तिच्या मागच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी नांदुऱ्याला गेले. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. खानावळ त्या दिवशी बंद नव्हती. बंद ठेवू नका, असं मायनं आधीच सांगून ठेवलं होतं, मिलिंद म्हणाला. तिथली चूल रस्त्याकडच्या दारातच आहे. आत येणाऱ्याला तिला वळसा घालूनच बाकापर्यंत जावं लागतं. आता लाकडाच्या जागी गॅस आलाय, जागा तीच. "लय जणांनी सांगतलं, चूल मांगं न्या, गिऱ्हाईक खोकलते, दुकान चांगलं दिसत नाई," मिलिंद म्हणाला. "घर बांधलं तवा मिस्त्रीनं मांगं ओटाबी करून देला. माय एक दिवस तिथं रांधायले गेली नाई. त्याच्यावर आमी जुने डबे ठेवतो."

दारात त्याची बायको भाकरी थापत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं तोंड दिसत होतं, तिचे हात दिसत होते. मी चुलीजवळच्या बाकावर बसले. ताट आलं. ते कोणी रांधलंय, हे तिथं कोणालाच विचारावं लागत नाही.