दादाचा कॉम्प्युटर

नातवाच्या नव्या लॅपटॉपबरोबर आलेलं गुळगुळीत माहितीपत्रक मी सहज नाकाशी नेलं आणि लातूरच्या दुष्काळातली एक दुपार समोर उभी राहिली. माझ्या थोरल्या भावाच्या मासिकाला असाच वास होता.

शिवादादा पाण्याच्या रांगेतसुद्धा ते मासिक घेऊन उभा राहायचा. "टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर यायलाय, शके. घरबसल्या शिकता येईल!"

"नुसती जाहिरात हाय ती," मी म्हणाले. "लातूर येगळा जिल्हा झाला की घरोघर पाणी येईल म्हणत होते. आलं का?"

रांगेतले सगळे हसले. दादाही हसला, पण मासिक त्यानं मिटलं.

त्याच उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत त्यानं विचारलं, "आला का गं बाजारात?"

"न्हाई. येणार बी न्हाई," म्हणत मी तांब्या भरायला गेले. परत आले तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं. दोन दिवसांनी तो गेला. मधे एक शब्द बोलला नाही.

तो कॉम्प्युटर कधी बाजारात आलाच नाही. माझंच खरं ठरलं. हल्ली घरात कुणी नसलं की मी मोठ्यानं म्हणते, "येईल की रे, दादा."