तिसरी थाप

मुग्धाने संडास घासायचा ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच कर ना. तुला सवय असेल."

मराठीत म्हणाली. लंडनमधल्या त्या शेडमध्ये आम्ही दहा जणी होतो. आठ जणींना ते वाक्य कळलंच नाही. कळलं फक्त आम्हा दोघींना.

हारुको-सान, आमच्या जपानी कोच, मॅटवर बसून गुडघ्याला पट्टी बांधत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "व्हॉट शी से?"

मी हसले. "शी सेज थँक यू."

मग आत गेले आणि दोन्ही संडास घासले. नीट घासले. कडेची पिवळी रेघसुद्धा काढली.

मुग्धाचं वाक्य मी नंतर पुष्कळांना सांगितलं आहे. माझं वाक्य मात्र सांगताना अजून जीभ अडखळते.

मी नागपूरची. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर, वर्क व्हिसा काढून इकडे आले. ईलिंगला एका घरात आम्ही चौघी मराठी मुली राहायचो. बाकीच्या तिघी पुण्याच्या. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. बोलायला मी जागाच ठेवली नव्हती. आडनाव कोणी विचारलं तर वडिलांचं नाव सांगायचे. बोलणंही पुण्याचं करून घेतलं होतं. बाबांचा फोन आला की जिन्यात जायचे. ते विचारायचे, "काय करून राहिली? जेवली का?" आणि फोन ठेवताना म्हणायचे, "जयभीम." मी म्हणायचे, "हो हो, ठेवते." जिन्यात कोणी नसताना सुद्धा. बाबा रेल्वेत क्लार्क होते, त्यांना सगळं कळायचं. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

कॉलेजात मी ज्युदो खेळायचे. ऑफिसला जाताना बसमधून एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या भिंतीवर पाटी दिसायची: बायकांची कुस्ती, जपानी प्रशिक्षण. एका रविवारी सहज म्हणून उतरले आणि अडकले.

कंपनी टोकियोची. फक्त बायकांच्या कुस्तीची. तिकडे शाळकरी पोरी या कुस्तीगीर बायकांवर जीव टाकायच्या, टीव्हीवर कंपनीचा स्वतःचा तास होता. त्या भरात त्यांनी लंडनला शाखा काढली आणि हारुको-सानना पाठवलं. त्यांचे गुडघे गेलेले, पण उभ्या राहिल्या की आम्ही सगळ्या आपोआप सरळ व्हायचो. या कुस्तीत कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं. मार खरा असतो, पडणंही खरं असतं. पहिला शो एका शाळेच्या जिममध्ये झाला, खुर्च्या निम्म्या रिकाम्या. वर्षभरात माणसं भिंतीला टेकून उभी राहायला लागली. कुस्तीगीर रिंगमध्ये आली की आणि कुस्ती जिंकली की लोक रंगीत कागदाच्या फिती फेकायचे, लाल, पिवळ्या, हिरव्या. सगळी रिंग भरून जायची. त्या झटक्यात गोळा करायचं काम आम्हा शिकाऊ पोरींचं. त्या फितींच्या ढिगात गुडघ्यावर बसून मला वाटायचं, आपण कुठून आलो ते इथे कोणाला विचारायचंच नाही.

तिथला एक नियम जपानहून आला होता. सगळ्यात शेवटी आलेलीने संडास घासायचे, मॅट पुसायची, सगळ्यांचे घामाचे कपडे धुवायचे. तिच्यानंतर कोणी आली की काम तिच्याकडे. हारुको-साननी दोन वर्षं केलं होतं. टोकियोतल्या सगळ्यात मोठ्या स्टारनेही केलं होतं. मी आले तेव्हा ते माझ्याकडे आलं. आठ महिने केलं आणि मजेत केलं. कारण ते काम तारखेने आलं होतं, जन्माने नव्हे. कधी ना कधी ते पुढे जाणार होतं.

मग टोकियोचं गाडं बिघडलं. टीव्हीवाल्यांनी कार्यक्रम काढून टाकला. दोन मोठ्या स्टार बाहेर पडल्या आणि त्यांनी आपली वेगळी कंपनी थाटली. तिकडून पाहुण्या कुस्तीगीर येणं थांबलं, तसे इथले प्रेक्षक पांगले. शोसाठी हॉल मिळेना. तेव्हा मीच शहाणपणा केला. हॅरोला एका मराठी मंडळाचा हॉल होता आणि तो एका डॉक्टरांच्या शब्दावर चालायचा. हारुको-सानना घेऊन मी त्यांच्याकडे गेले. डॉक्टर खूश. "अरे वा, आपली मराठी मुलगी कुस्ती खेळते!" हॉल दिला. महिन्याभरात त्यांची मुलगी मुग्धा आमच्याकडे शिकायला आली. हॅरोतच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत शिकणारी, अंगाने चपळ.

तिच्या आईने मला एका शनिवारी जेवायला बोलावलं. वरणभात, बटाट्याची भाजी, ताकाची कढी. दीड वर्षात असं जेवण मिळालं नव्हतं. वाढता वाढता काकू म्हणाल्या, "नागपूरला कुठे गं तुम्ही?"

"धरमपेठ," मी म्हणाले. खोटं. ती त्यांच्यासारख्यांची वस्ती, आमची नव्हे.

"अय्या, माझी मावसबहीण तिथेच. कुठली गल्ली?"

गल्ली मला सांगता येईना. काकूंनी डॉक्टरांकडे पाहिलं. बस, एवढंच. त्यानंतर कढी आली ती डाव उंच धरून, वरून. मी ती प्यायले. छान झाली आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, नियमाने तिची पाळी असताना, मुग्धाने ब्रश माझ्या हातात दिला. तिचं मराठी मोडकंतोडकं, वाक्य जुळवताना तिची दमछाक व्हायची. ते वाक्य मात्र न अडखळता आलं. घरात ऐकलेलं असणार.

आता खरी लाज सांगते. संडासात गुडघ्यावर बसल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? 'आम्ही त्यातले नाही. आमच्या घरात हे काम कोणी केलेलं नाही.' म्हणजे ज्यांनी केलं, त्यांना मीही खालीच ठेवलं होतं. मला राग कशाचा आला, तर मला चुकीच्या पायरीवर बसवल्याचा. पायऱ्यांचा नाही. हे कळायला मला पुढे बराच काळ लागला, आणि कळलं तेव्हा स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघवेना.

सोळा रविवार मी ते काम केलं. काम मुग्धाचं होतं. केली नावाची साउथहॅम्प्टनची एक मुलगी होती, तिने विचारलं, "इजन्ट इट हर टर्न?" मी म्हणाले, "आय डोन्ट माइंड." एकदा सराव चालू असताना मी चुकून मुग्धाची पाण्याची बाटली उचलली. ती म्हणाली, "माझी बाटली नको घेऊ हं तू." केलीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "शी हॅज अ कोल्ड." बिनपगारी दुभाषी होते मी. माझाच अपमान पुसून, घडी घालून लोकांच्या हातात द्यायचे.

मंडळाच्या हॉलमधला शो रविवारी दुपारी होता. पहिली कुस्ती माझी आणि मुग्धाची. दहा मिनिटांची. शिकाऊंमध्ये आधी आलेली जिंकते अशीच रीत, म्हणून मी जिंकणार असं महिनाभर ठरलेलं होतं. माझी ती पहिलीच कुस्ती. सकाळी डॉक्टर हारुको-सानशी कोपऱ्यात काहीतरी बोलताना दिसले. मग त्या माझ्याकडे आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "टुडे, मुग्धा विन. प्लीज. वन टाइम."

मी म्हणाले, "ओके." वर वाकून नमस्कारही केला.

हॉल भरला होता. सगळी आपलीच माणसं. पहिल्या रांगेत काकू, मांडीवर फितींची भेंडोळी घेऊन. आम्ही ठरल्याप्रमाणे सगळं केलं. सातव्या मिनिटाला मुग्धाने मला उचलून आपटलं, अगदी नीट, आणि माझ्या छातीवर आडवी पडली. पंच गुडघ्यावर आला. मॅटवर त्याच्या हाताच्या तीन थापा पडेपर्यंत माझे दोन्ही खांदे खाली राहिले की मी हरले. पहिली थाप. दुसरी थाप.

खांदा वर गेला.

त्या क्षणी मला कोणी काही बोललं नव्हतं. फार मोठा विचारही आला नव्हता. खाली राहायचं ठरलं होतं आणि अंगाने ऐकलं नाही.

मुग्धा कानाशी कुजबुजली, "व्हॉट आर यू डुइंग?" पुन्हा आपटलं. पुन्हा दोन थापा. पुन्हा खांदा. तिला मी दुखवलं नाही, एकही फटका जास्तीचा मारला नाही. नुसती खाली राहिले नाही. पाच वेळा. दहा मिनिटं संपली, घंटा झाली. कोणीच जिंकलं नाही. एकही फीत आली नाही. लोक भेंडोळी हातात धरून बसून राहिले.

कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टर तडक आत आले. मराठीत सुरू झाले. "मी हॉल दिला म्हणून तुम्ही इथे उभ्या आहात. चार लोकांत माझ्या मुलीचं हसं केलंत, आणि ते कोणी? हिने! घरात ताटावर बसवलं हीच चूक झाली. या लोकांना जवळ केलं की डोक्यावर चढतात."

केली म्हणाली, "व्हॉट्स ही सेइंग?"

डॉक्टर थांबले. माझ्याकडे बघायला लागले. मी सांभाळून घेईन याची त्यांना खात्री असावी. मी सगळं पुसून घेते, हीच बातमी सोळा रविवार त्यांच्या घरी जात असणार.

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द. 'या लोकांना' म्हणजे कोणाला, तेही सांगितलं. माझी जात सांगितली, तोंडाने, मोठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा. मग मागे गेले. बाटली. सर्दी मुग्धाला नव्हती. मग त्याच्याही मागे, पहिला रविवार. "शी डिड नॉट से थँक यू," मी म्हणाले, आणि ती काय म्हणाली होती ते सांगितलं.

डॉक्टर इंग्रजीत काहीतरी सारवासारव करायला लागले. मुग्धा रडत होती. "मम्मी म्हणते तसं मी म्हटलं," एवढंच म्हणत राहिली. ते खरंच होतं, असं मला वाटतं. त्याने काही कमी होत नाही.

हारुको-सान माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "वर्ड्स, आय डोन्ट नो. युअर फेस, आय नो." आणि लगेच, "बट नो हॉल, नो कंपनी."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. पहिल्याच दिवशी. ज्या नियमाला मी जीव लावला होता तो त्यांनी एका हॉलसाठी वाकवला होता, आणि मी वाकू दिला होता.

हॉल त्याच आठवड्यात गेला. पुढचा शो झालाच नाही. दोन-तीन महिन्यांत टोकियोचं ऑफिस बंद झालं आणि लंडनची शाखाही. रिंगचे दोर सोडले, फळ्या सुट्या केल्या, मॅट गुंडाळली. हारुको-सान सगळ्या पोरींना भेटून परत गेल्या. माझ्यापुढे त्या वाकल्या, मी वाकले. बाहेर पार्किंगमध्ये केली म्हणाली, "यू कुड हॅव वेटेड. ओन्ली अ फ्यू मंथ्स." पोरींचं म्हणणं आजही तेच आहे, की कंपनी माझ्यामुळे बुडाली. एका खांद्याने बुडत असेल तर ती आधीच बुडालेली होती, असं मी म्हणू शकते. पण म्हणत नाही. ती जागा मला प्रिय होती आणि तिच्या शेवटात माझा हात होता. ते मी नाकारणार नाही.

त्याची मला हळहळ आहे. लाज नाही.

लाज आहे ती सोळा रविवारांची. कोणी जबरदस्ती केली नव्हती, नोकरी जाणार नव्हती, पोट अडलं नव्हतं. मी हसले होते. आता सगळे समजूत घालतात, तरुण होतीस, एकटी होतीस, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही. ही लाज मला रोज लागते. ती ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी मी पुन्हा कोणाला तरी सांगेन, शी सेज थँक यू.