घड्याळ दोन तास पुढे

सेकंदकाकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक फट. उभं राहिलं तर डोकं लोलकाला लागणार, बसलं तर गुडघे गिऱ्हाइकाला. डोळ्याला भिंग लावून काका चाळीस वर्षं दोनच निदानं करत आले: "पुढे आहे" किंवा "मागे आहे." तिसरा आजार त्यांना मान्यच नव्हता.

लेक दिली होती पूर्वेला, सरहद्दीपलीकडे चोवीसशे किलोमीटरवरच्या शहरात. रेल्वेने दोन दिवस. त्यापायी नातीची शाळेतली दोन नाटकं हुकली. यंदा तिने फोनवर दमच भरला, "आजोबा, मी कोंबडा झालेय. सहा वाजता पहिल्या खुर्चीवर नसलात तर कायमची कट्टी!" मग काय, काकांनी आयुष्यातलं पहिलं विमान गाठलं.

तिकिटावर सुटायची वेळ नऊ, पोचायची दोन. म्हणजे पाच तास. पण चाकं जमिनीला टेकली तेव्हा काकांच्या मनगटावर बारा! उतरताना त्यांनी हवाईसुंदरीला हात जोडले, "ड्रायव्हरसाहेबांना सांगा, दोन तास आधी आणलंत. हात सफाईदार आहे."

न्यायला लेक आली होती. "बाबा, प्रवास तीनच तासांचा आहे. इथे घड्याळ दोन तास पुढे असतं."

"कुणाचं?"

"सगळ्यांचंच."

"अरेरे! एवढ्या मोठ्या गावात एक कारागीर नाही?"

लेक खळखळून हसली. तिला वाटलं, बाबांनी विनोद केला.

चार वाजता मायलेकी तयारीसाठी पुढे गेल्या. शाळा समोरच, रस्ता ओलांडला की फाटक. काका घरात एकटे. भिंतीवरच्या घड्याळात चार, मनगटावर दोन. घड्याळजीच्या लेकीच्या घरी हे? काका स्टुलावर चढले, काटे दोन तास मागे घेतले, काच पुसली आणि पुण्य पदरात पडल्यासारखे आडवे झाले. फोन विमानात बंद करायला सांगितला होता. चालू करायला कुणी सांगितलं नव्हतं. तिकडे लेक पडद्यामागे बदकांना पिसं टाचता टाचता अकरा वेळा फोन लावून दमली.

बरोब्बर सहाला काका इस्त्रीचा सदरा घालून सभागृहात शिरले. शिपाई खुर्च्या एकात एक रचत होता. पायरीवर लाल कागदी तुरा घातलेली नात, गाल फुगवून.

"आठ वाजले, बाबा!" लेक कपाळाला हात लावून म्हणाली. "इथली वेळच वेगळी आहे हो!"

काकांच्या डोक्यात आत्ता कुठे टोला पडला. त्यांनी मनगट नातीपुढे धरलं. चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

नातीने घड्याळ निरखलं. "आई, सहाच तर वाजलेत!"

"अगं, पण..."

"आजोबांचे सहा. शिपाईकाका, एक खुर्ची द्या ना!"

शिपायाने रचलेल्यातली एक खुर्ची ओढून पुढे ठेवली. काका बसले. रिकाम्या रंगमंचावरून कोंबडा असा आरवला की वर्गात राहिलेली दोन बदकंही धावत आली.

टाळ्या वाजवून झाल्यावर काकांनी मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढली आणि काटे दोन तास पुढे सरकवले.

"घ्या," ते सुस्कारा सोडून म्हणाले, "बिघडवलं एकदाचं चांगलं घड्याळ."